वरची दोन बोटं वाळू

ताईनं काही द्यायचं म्हटलं की धाकटीच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. उगीच नाही. आईच्या वस्तू वाटताना ताई म्हणाली होती, "आरसा तू घे," आणि घरी आणून पुसला तर आरशाला तडा. ताई म्हणते, तिला माहीतच नव्हतं. असेलही. पण धाकटी ते विसरेल तर शपथ.

आता ताई आईचा खाऱ्या पाण्यातला संसार, म्हणजे आईच्या फिशटँकमधलं सगळं, देत होती. तिचे गुडघे कुरकुरायला लागले, बादल्या उचलवेनात. धाकटीनं हौसेनं नवा, मोठा टँक घेतला होता. पोवळी, वाळू आणि ती केशरी पट्ट्यांच्या माशांची जोडी त्यात जायची होती. आई शेवटच्या आजारपणात खाटेवरून या दोन माशांशीच गप्पा मारायची. धाकटीला दुसरं काही नको होतं, पण ही जोडी जगायलाच हवी होती.

मासे बादलीत काढून झाल्यावर ताई म्हणाली, "वाळू फक्त वरची दोन बोटं घे हं. तीच जिवंत असते, माशांची घाण पचवते. खालची मी फेकून देणार आहे. तिच्यात वर्षानुवर्षांचं सडलंय, ढवळलीस तर पाण्यात विष पसरेल."

झालं. धाकटीचे कान टवकारले. वरवरचं मला आणि खालचं सगळं फेकणार? एवढी जपलेली वाळू? ताई तर दोऱ्याचं रिकामं रीळसुद्धा फेकत नाही. नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. गुडघ्यांचं नाटक करून ही बया नवीन टँक थाटणार आणि माझ्या तोंडाला पानं पुसणार.

ताई फडकी आणायला आत गेली तशी धाकटीनं वाळू उपसायचा डबा जुन्या टँकच्या पार तळापर्यंत खुपसला. काळपट वाळू निघाली, सडक्या अंड्यासारखा भपकाही आला. समुद्राची वाळू म्हटल्यावर वास यायचाच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. बादली भरली, वरून पांढरी वाळू पसरली आणि ताई आली तेव्हा शहाण्यासारखी हात पुसत उभी राहिली.

घरी नव्या टँकमध्ये ती वाळू ओतून मासे सोडले आणि थोड्याच वेळात दोघंही वर येऊन तोंडं उघडायला लागले.  धाकटीनं ताईला फोन लावला.

"वाळू वरचीच घेतलीस ना?"

"हो गं, तू सांगितलंस तश्शीच."

"मग वाळूचा प्रश्न नाही. मीठ तपासून बघ."

मीठ बरोबर होतं. हीटरही बरोबर. नवऱ्यानं पंप खोलून पाहिला, पुन्हा जोडला, उगाच दोन थपडा मारल्या. तिकडे ताई रडकुंडीला आली होती. "माझंच काहीतरी चुकलंय. जुनं पाणी कमी दिलं की काय मी?" धाकटी त्या आवाजात कुठे छुपा आनंद आहे का, ते कान देऊन शोधत होती. नव्हता. मग जोडीतली मोठी मादी आडवी झाली.

"ताई, मी खालची घेतली. तुझी नजर चुकवून."

"आधी त्यांना बाहेर काढ. जुनं पाणी उरलंय ना बादलीत? त्यात सोड. पळ."

धाकटी धावली. लहान नर बादलीत जरा वेळानं वळवळला. मोठी तशीच तरंगत राहिली. तिनं हात न पुसताच फोन उचलला.

"मोठी गेली, ताई."

आता शिव्या येतील म्हणून ती वाट बघत राहिली. खरं तर यायलाच हव्या होत्या.

"पहिल्यांदाच सांगायचंस ना गं," ताई म्हणाली. "तू हो म्हणालीस, म्हणून मी वाळूचा विचारच सोडून दिला."