शेवट शिवून ठेवलेलं पुस्तक

बसा. खुर्चीवरचा कापडाचा ढीग बाजूला सारा, पण टाचण्या बघून बसा. मी सिंदी रेल्वे या गावच्या धुरपताबाईची शिलाई मशीन बोलतेय. पायाची नव्हे हं, हाताची. उजव्या बाजूला मूठ आहे, ती फिरवली की मी चालते. काम झालं की वरून लाकडी झाकण येतं आणि मी अंधारात बसते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यातला. काळंभोर अंग आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी, काय देखणी होते म्हणून सांगू! धुरपताबाईच्या लग्नात तिच्या भावानं, कवडूनं, मला आंदण दिलं. एसटीच्या टपावर बसून मी वर्ध्याहून सिंदीला आले, त्याला तीस वर्षं झाली. आता निम्मी वेलबुट्टी पुसली गेलीय, पण वयाचं मी मनावर घेत नाही. बाईचा नवरा वारल्यावर हे घर मी चालवलं, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

तीस वर्षांत माणसं बरीच कळली. माप देताना प्रत्येक बाई श्वास आत ओढते आणि चार दिवसांनी ब्लाऊज घट्ट झाला म्हणून भांडायला येते. त्याच बाईला शिवणीतली माया, म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड, उसवून सैल करून दिला, की म्हणते, "आता कसा बरोबर बसला!" चालायचंच. धंदा आहे.

आता मूळ गोष्टीवर येते. धुरपताबाईला एकच मुलगी, मयुरी. बी.ए. झाली, शिवण आईपेक्षा थोडं कमी येतं आणि जीभ आईपेक्षा थोडी जास्त चालते. ही पोर भयकथा लिहिते. नुसत्या भुताच्या नाहीत, त्यात अंतराळही असतं. कापसाच्या गंजीत उतरलेलं यान, कपाशीच्या पऱ्हाटीच्या मुळाशी बोलणारी माती, असलं काहीबाही. सकाळी ब्लाऊज, दुपारी भूत, असा तिचा दिनक्रम.

आणि लिहिते कुठं? माझ्या झाकणावर! घरात दुसरं टेबल नाही. मी आत, अंधारात. वर तिची वही. परिच्छेद झाला की ती तो मोठ्यानं वाचून बघते. तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या एकट्या जिवानं काय करावं? एकदा तिच्या कथेतल्या विहिरीतून हात वर आला, तेव्हा माझ्या सुईला असं कापरं भरलं की संध्याकाळी पहिलाच टाका तिरका पडला. धुरपताबाई म्हणाली, "दोऱ्याचा ताण बिघडला वाटते." ताण नाही बाई, धीर बिघडला.

छायाताई म्हणून एक गिऱ्हाईक आहेत. त्यांनी एकच ब्लाऊज तीनदा उसवायला लावला. पुढच्या कथेत एक ठेंगणी, गोरी, फार चौकशा करणारी बाई पहिल्याच पानावर गायब झाली. मी माप लगेच ओळखलं.

मयुरीनं दोन प्रकाशकांना कथा पाठवल्या. वर्षभर उत्तराची वाट पाहिली. मग एक दिवस म्हणाली, "जाऊ द्या, आपलं आपण शिवू." तिनं ते खरंच केलं. स्टेशनजवळच्या धीरजच्या झेरॉक्सच्या दुकानात पानं छापायची, घरी आणून मधोमध दुमडायची आणि मला अठरा नंबरची सुई लावून दुमडीवर शिवण मारायची. झालं पुस्तक! मलमल, पॉपलीन, खण सगळं मी शिवलं होतं. कागद पहिल्यांदा शिवला तेव्हा दातात खडे आल्यासारखं झालं. नंतर सवय झाली, आणि खरं सांगू, अभिमानही वाटायला लागला.

धुरपताबाईला मात्र हे मुळीच पटत नव्हतं. तिचं दुखणं वेगळंच होतं. ती बुद्धविहारात जाणारी बाई. घरात ना गंडा, ना दोरा, ना लिंबू-मिरची.

"आपल्या घरात भूत कोणी मानत नाई," ती म्हणायची, "अन् माही पोरगी भुताईच्या कथा लिहून राह्यली! विहारात बाया इचारतात मले. का सांगू त्याईले?"

"मानत नाई म्हणूनच तर लिहिता येते, आई. मानलं असतं तर भ्याली नसती का मी?"

"बोलण्यात तुले कोणी हरवत नाई. पण मी वाचनार नाई, सांगून ठेवते."

आणि तिनं एक ओळही वाचली नाही. पुस्तकांच्या थप्पीला हात लागला तर पदराला पुसायची.

मागल्या हिवाळ्यात कवडूमामा आले. बुटीबोरीला रेडिमेड कपड्यांच्या कंपनीत त्यांनी मयुरीसाठी काम पाहिलं होतं. सकाळी जायचं ते अंधार पडल्यावर यायचं. तिथं गेली की वही बंद, हे मयुरीला कळत होतं आणि मलाही. तिनं आईपाशी एकच गोष्ट मागितली.

"वर्ध्याच्या ग्रंथमेळ्यात मले टेबल भेटलं, आई. शनिवार-रविवार. नव्या पुस्तकाच्या शंभर प्रती नेते. सगळ्या गेल्या तर मी घरीच शिवीन अन् लिहीन. नाई गेल्या तर सोमवारी मामासंग चालली जाईन. मंग कटकट नाई करत."

धुरपताबाईनं मान हलवली. तिला वाटलं, चला, सोमवारी पोरगी मार्गी लागेल.

नव्या पुस्तकाचं नाव होतं 'एकोणसाठावा डबा'. सिंदीवरून रोज एक मालगाडी जाते, तिला अठ्ठावन्न डबे असतात. एक दिवस फाटकाजवळचा माणूस मोजतो, तर एकोणसाठ भरतात. पुढचं सांगत नाही. मी झाकणाखाली ते पुस्तक चारदा ऐकलंय आणि चारही वेळा घाबरलेय.

मेळ्याच्या आदल्या दिवशी गंमत झाली. गंमत आता म्हणते, तेव्हा जीव जायची वेळ आली होती. आतली पानं शिवून तयार होती, पण कव्हरं धीरजनं त्या दिवशी सकाळी आणून दिली आणि मयुरीला टेबलाच्या परवानगीचा कागद घ्यायला वर्ध्याला जावं लागलं. शंभर कव्हरं लावायची बाकी. धुरपताबाई थप्पीकडं पाहत बसली. मग उठली, झाकण काढलं आणि मला म्हणाली, "चाल वं. पोरगी थकून येईन."

मला भरून आलं. पोरीची पुस्तकं गेली नाहीत तर जिच्या मनासारखं होणार होतं, तीच बाई पुस्तकं शिवायला बसली होती!

तिनं दुमडीवर पहिलं कव्हर लावलं. बोटांत धरून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. कव्हर पातळ होतं. तीस वर्षं शिवण करणाऱ्या बाईला पातळ कापड दिसलं की एकच सुचतं, अस्तर. तिनं शेवटचं पान कव्हराला लावलं आणि तिन्ही बाजूंनी बारीक दुहेरी शिवण मारायला घेतली.

अहो, त्या पानाच्या मागच्या अंगावर तर कथेचा शेवट छापलेला होता! एकोणचाळिसाव्या पानावर माणूस डब्याचं दार ओढतो, आणि आत काय आहे ते चाळिसाव्या पानावर. तेच पान बाई न वाचताच आत बंद करत होती. मला तोंड नाही. मी दोरा तोडला. तिनं पुन्हा ओवला. मी पुन्हा तोडला. तिसऱ्यांदा तोडला तेव्हा म्हणाली, "आज काऊन नखरे करून राह्यली वं तू?" आणि माझ्यात तेल घातलं. तेल घातल्यावर मी चालते, काय करणार, तो माझा स्वभाव आहे. उन्हं उतरायच्या आत शंभरच्या शंभर शेवट बंद झाले.

मयुरी आली, तयार पुस्तकं पाहिली आणि आईच्या गळ्यातच पडली. एक प्रत उघडून बघेल तर शपथ! चिंध्यांच्या पट्ट्यांनी पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधले आणि मोकळी झाली. आईच्या हातची शिवण कोण तपासतं?

शनिवारी आम्ही तिघी एसटीनं वर्ध्याला गेलो. पुस्तक कसं शिवतात ते लोकांना दाखवावं म्हणून मलाही नेलं होतं. आमचं टेबल कोपऱ्यात, चहाच्या शेजारी. लोक चहा प्यायचे, मला पाहून "शिलाईचं दुकान इथं कसं?" म्हणायचे आणि पुढं जायचे. दुपारपर्यंत एकही प्रत गेली नाही. मयुरी हसऱ्या तोंडानं उभी होती, पण तिची बोटं माझ्या मुठीला घट्ट धरून होती.

मग प्रभाकरराव आले. निवृत्त मास्तर, हातात चहाचा कप. त्यांनी पुस्तक उचललं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. फुकट वाचणाऱ्यांचा मला राग येतो, पण ह्यांचा चहा गार झाला तरी त्यांना पत्ता नव्हता. शेवटी त्यांनी पान उलटलं. पुन्हा उलटलं. चष्मा पुसला.

"अहो बाई, शेवट कुठं आहे?"

मयुरीनं प्रत हातात घेतली, शिवण पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरी प्रत उघडली. तिसरी. सगळ्या तशाच.

"आई, हे का केलं तू?"

"अस्तर लावलं," मागं जेवणाचा डबा घेऊन बसलेली धुरपताबाई म्हणाली. "कव्हर पातळ होतं. चार हातांत गेलं तर फाटलं असतं." मग तिनं लेकीकडं पाहिलं आणि तिला कळलं, काहीतरी बिनसलंय. "का झालं वं?"

मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती आईला एक शब्द बोलली नाही. ह्यासाठी मी त्या पोरीला जन्मभर मानीन. एवढंच म्हणाली, "काई नाई आई. शेवट आत राह्यला."

"ते सगळं ठीक आहे!" प्रभाकरराव ओरडले. "पण डब्यात काय होतं? मला झोप यायची नाही आता!"

चहा पिणारे चार लोक वळून पाहायला लागले. मयुरीनं डोळे पुसले, टाके उसवायची उसवणी काढली. पण मास्तरांना दम कुठला? "द्या इकडं!" म्हणत ते स्टुलावर बसले आणि एकेक टाका तोडायला लागले. दुहेरी शिवण ती, माझ्या हातची, सहजी सुटते होय! लोक जमले. कुणीतरी विचारलं, काय चाललंय? दुसरा म्हणाला, पुस्तकाचा शेवट शिवून ठेवलाय म्हणे. पान मोकळं झालं. मास्तरांनी वाचलं. पुस्तक मिटलं, हळूच मागं वळून पाहिलं आणि स्टूल भिंतीला टेकवून घेतलं.

"काय होतं हो?" सगळे एकदम.

"मी नाही सांगणार," प्रभाकरराव म्हणाले. "बाई, ही प्रत माझी. आणखी एक द्या, व्याह्यांसाठी. ती उसवू नका बरं, तशीच द्या."

मग काय विचारता! मयुरीनं एका पुठ्ठ्यावर लिहिलं, 'शेवट शिवून ठेवला आहे. आपापल्या जबाबदारीवर उसवावा.' रविवारी तर कॉलेजच्या पोरींनी टेबलाभोवती गराडा घातला. जो तो धुरपताबाईला विचारायचा, "मावशी, शिवलं तुम्ही, मग तुम्हाला माहीत असेल ना?" ती कावरीबावरी व्हायची. शंभर शेवट तिच्या हातांखालून गेले होते आणि तिला एकही माहीत नव्हता.

उन्हं कलली तेव्हा एकच प्रत उरली. एक मुलगा ती घ्यायला आला, तर धुरपताबाईनं पुस्तक उचलून मांडीखाली घातलं.

"हे नाई विकायचं. हे माहं हाय."

सोमवारी सकाळी घर झाडून झालं, तशी ती माझ्याजवळ बसली. ओळीखाली बोट ठेवून पुटपुटत वाचलं, उसवणीनं टाके काढले, चाळिसावं पान वाचलं. मग मागच्या अंगणात जायला उठली आणि दारातच थांबली.

"मयुरे, जरा संग ये वं."

"काऊन? दिवसाढवळ्या?"

"ये म्हटलं ना! मी मानत-बिनत काई नाई. तू ये फक्त."

मयुरी इतकी हसली की तिला उभं राहवेना. आईही हसली. तेवढ्यात कवडूमामांचा फोन वाजला, गाडी फाटकापाशी आलीय म्हणून. धुरपताबाईनं फोन कानाला लावला.

"नाई रे भाऊ, मयुरी येत नाई. तिच्यापाशी काम हाय."

लिहिण्याला त्या घरात 'काम' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मयुरी हसायची थांबली आणि रडायला लागली.

माझं आता बरं चाललंय. मूठ जरा किरकिरते, पण सकाळी ब्लाऊज आणि संध्याकाळी पुस्तक, दोन्ही जमतं. शेवट धुरपताबाईच शिवते. आधी वाचते, मग शिवते. माझं मागणं एकच आहे. आमचं पुस्तक हाती आलं तर घाईघाईनं ब्लेड लावू नका. एकेक टाका सावकाश उसवा. तो आम्ही तिघींनी मिळून घातलाय.