एक टुंग, दोन माणसं

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे, हजेरीचा. एका सल्लागार कंपनीच्या काचेच्या दाराशेजारी भिंतीला चिकटून असतो. कार्ड टेकवलं की मी ‘टुंग’ करतो, दार उघडतं आणि कार्डवाल्याची हजेरी लागते. माझा लाल दिवा दिवसभर मिचमिचत असतो. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटात तारा बसवल्या आणि माझं पहिलं टुंग ऐकून त्या हसल्या. इथे आल्यावर सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. लोक उगीचच आत-बाहेर करून मला वाजवून बघत. पुढे नव्याची नवलाई ओसरली. कुणी माझ्यावर चहा सांडला, कुणी च्युइंगम चिकटवलं. आता माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

पण माझे कान शाबूत आहेत. इथे नवखी माणसं ‘शिकाऊ विश्लेषक’ म्हणून येतात. नाव भारदस्त; काम म्हणजे आकडे गोळा करायचे, तक्ते मांडायचे आणि साहेबांनी खोडलेलं पुन्हा लिहायचं. पहिले सहा महिने परीक्षेचे. त्यात आठवड्याला तीन दिवस ऑफिसात हजेरी लागली नाही, तर नोकरीत कायम झाल्याचं पत्र मिळत नाही.

यंदा एक मुलगी आली. तिला सगळे ‘नवी’च म्हणायचे. ती आणि तिचे साहेब बहुतेक दिवशी सकाळी एका कारखान्यात जात, तिथल्या लोकांना कामगारांची हजेरी कशी ठेवावी याचा सल्ला देत आणि मग इकडे येत. सामान सगळ्यात नव्या माणसाने उचलायचं, हा इथला शिरस्ता. प्रोजेक्टरची पेटी, फायलींचा गठ्ठा, वर साहेबांची बॅग. साहेब तसे भले. आपलं कार्ड टेकवायचे, पाठीने दार धरून ठेवायचे आणि म्हणायचे, “ये, ये, सावकाश.”

नवी आत जायची. टुंग एकच व्हायचं, तेही साहेबांचं. माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. अगं, तुझं कार्ड! पण मला दुसरी भाषा येत नाही, काय करणार?

सहा महिने भरत आले. एके दुपारी ती माझ्यासमोर उभी राहून फोनवर बोलत होती. “आई, मी नोकरीत कायम झाले असं मामाला एवढ्यात सांगू नकोस. माझी हजेरी अठराच दिवस दिसतेय. मी रोज येते म्हटलं, तर ऑफिसवाल्यांना खोटं वाटतंय. नाही गं, रडत नाहीये.”

दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाई इलेक्ट्रिशियनला घेऊन आल्या. त्याने माझं झाकण काढलं, फुंकर मारली, दहादा कार्ड टेकवलं.

“डबा ठणठणीत आहे, मॅडम.”

ठणठणीत असल्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली. मी खरा म्हणजे नवी खोटी.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. साहेबांनी कार्ड टेकवलं. टुंग. “ये, ये, सावकाश.” नवी ओझं सांभाळत आत गेली.

“सर,” बाई म्हणाल्या, “एका कार्डावर दोघं आत गेलात.”

“तिचे हात भरलेले असतात ना. मी रोजच दार धरतो.”

“रोज?”

“रोज,” साहेब म्हणाले आणि तिच्या हातातल्या ओझ्याकडे बघत राहिले. मग नवीकडे वळले. “तू बोलली का नाहीस?”

“तुम्ही माझ्यासाठी दार धरत होतात, सर. त्याची तक्रार कशी करायची?”

साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं, “ती रोज आली होती, चूक माझी.” सोमवारी तिला पत्र मिळालं. त्या दिवशी मला वाटलं, आता जरा निवांत होऊ.

कसला निवांत! उद्या नवी तुकडी येतेय. पेट्या आजच दाराशी येऊन बसल्यात आणि माझा दिवा मिचमिच करतोय. मित्रांनो, दार धरणं चांगलंच आहे. पण समोरच्याचे हात भरलेले दिसले, तर आधी त्यातलं अर्धं ओझं आपल्या हातात घ्या. त्याला त्याचं कार्ड स्वतः टेकवू द्या.