हापशावरचा नंबर

२०२२ सालच्या फेब्रुवारीत, हळद शिजवायच्या ऐन घाईत, चांगुणाबाईने ओल्या हळदीच्या ढिगातून हात बाहेर काढले, पदराला पुसले आणि ती उठली. कुरुंद्याच्या शिवारात त्या दिवसांत जिकडे बघावं तिकडे वाफ दिसायची. बाया गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत बसल्या होत्या. हात कुणाचेही थांबले नाहीत, माना तेवढ्या वर झाल्या.

"काहून उठल्या मास्तरीणबाई? कंबर धरली का?" नानीबाईने विचारलं.

"न्हाई. आजपासून मी हळदीत न्हाई बसणार."

"अन् ते काहून?"

"बोटं द्यायची हायेत मला. कॅनडाला."

"समदी देता, का जेवायला एखांदं ठेवता?"

बाया हसल्या. चांगुणाबाईही हसली, पण परत बसली नाही. आदल्या वर्षी पासपोर्टसाठी नांदेडला गेली, तेव्हा तिथल्या यंत्राने तिचा अंगठा तीनदा नाकारला होता. काचेवर बोट ठेवायचं आणि पडद्यावर नुसता पांढरा डाग उमटायचा. शेवटी तिथल्या मुलीने तिचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "आजी, हळदीचं काम करता का?" महिनाभर हळदीला शिवू नका, झोपताना ग्लिसरीन लावा, रेषा परत येतील, असं तिने सांगितलं. रेषा परत आल्या. त्या आता चांगुणाबाईला जपायच्या होत्या, कारण कॅनडा सरकारचं पत्र कधीही येणार होतं.

तिची लेक करुणा आणि जावई रविंद्र पाच वर्षांपासून तिकडे होते. पहिलं बाळंतपण माहेरचं, दुसरं सासरचं, ही रीत कुरुंद्यात कुणाला सांगावी लागत नाही. करुणाच्या पहिल्या खेपेला, २०२० साली, विमानंच बंद होती. सुजाता जन्मली तेव्हा चांगुणाबाईने बाळंतिणीची शेक-शेगडी फोनवरून सांगितली. तिथे शेगडी नव्हती, सांगणं तेवढं झालं. पुढच्या वर्षी वाटा थोड्या मोकळ्या झाल्या, तेव्हा रविंद्रने सासूचा व्हिसाचा अर्ज भरला आणि तो तिकडे अडकून पडला. आता करुणाला पुन्हा दिवस गेले होते. जूनमधली तारीख होती. पहिलं हुकलेलं बाळंतपण चांगुणाबाईच्या लेखी अजून तिचंच होतं.

पत्र आलं ते मार्चच्या सुरुवातीला, आणि ते आलं हट्टा गावी, धुरपताबाईकडे.

धुरपताबाई म्हणजे रविंद्रची आई. विधवा बाई, दुसऱ्यांच्या रानात हळद वेचून, पॉलिश करून तिने एकुलत्या पोराला इंजिनीअर केलं होतं. तिचा अर्ज भरला होता जानेवारीत.

"जानेवारीत?" चांगुणाबाईने फोन तोंडाजवळ धरला. "अन् माझा गेल्या वर्षीचा!"

रविंद्र समजावत होता. "मामी, कोरोनात लाखांनी अर्ज तुंबले. आता सरकारनं नवी माणसं घेतली, समदं काम कम्प्युटरवर घेतलं. नवे अर्ज झपाझप निघून राहिले. जुने मातर तसेच पडून हायेत. त्याईचं म्हणणं, ज्याला घाई हाये त्यानं नवा भरावा."

"म्हणजे मागून आला तो पुढं?"

"तसंच झालं बघा."

"चांगला कारभार हाये तुमच्या सरकारचा."

करुणाने मध्ये फोन घेतला. "आई, जानेवारीत तुलाच आधी विचारलं होतं ना गं. जुना सोडून नवा भरू का म्हणून."

विचारलं होतं खरं. तेव्हा चांगुणाबाईने एकच प्रश्न केला होता, नव्या अर्जावर तारीख कोणती पडेल? आजची, असं करुणा म्हणाली. मग न्हाई, असं चांगुणाबाई म्हणाली होती, आणि विषय संपला होता.

फोन ठेवल्यावर तिचे नवरे किशनराव हळूच म्हणाले, "अजून भर की नवा. काय जातं?"

"तिच्या मागं उभी राहू मी?"

किशनराव जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झाले होते. कुठल्या पोराला पुन्हा प्रश्न विचारायचा नाही हे त्यांना कळत होतं. ते चप्पल घालून रानात गेले.

चांगुणाबाईची आई पाटलाच्या विहिरीवर घागर घेऊन बाजूला उभी राहायची. काठाला हात लावायचा नाही. बाया येणार, भरणार, जाणार, आणि कुणाच्या मनात आलं तर वरून ओतणार. तिथे दलित वस्तीतल्या बायांना नंबर असा नव्हताच. मग बहात्तरच्या दुष्काळात वस्तीत हापसा आला आणि दहा वर्षांच्या चांगुणाने पहिल्यांदा रांग पाहिली. घागरीमागे घागर. जी आधी आली ती आधी. मध्येच कुणाचं लेकरू रडलं, कुणाची भाकरी करपली, तर ती बाई बेधडक घरी जायची. मागची बाई आपल्या घागरीबरोबर तिचीही पायाने पुढे सरकवायची. नंबर तिचा तिलाच. असला नंबर आपल्या हाताने सोडायचा, हे चांगुणाबाईला पन्नास वर्षांनीही जमत नव्हतं.

चार दिवसांनी धुरपताबाई स्वतःच कुरुंद्याला आली. दारातूनच तिने हात जोडले.

"जयभीम इहीणबाई."

"जयभीम. या."

धुरपताबाई सतरंजीच्या कडेला टेकली. पाणी प्यायला तिने तांब्या उचलला तेव्हा चांगुणाबाईची नजर तिच्या हातांवर गेली. हळद नखांच्या मुळापर्यंत गेली होती. बोटांची टोकं उलली होती, आणि जिथे उलली नव्हती तिथे घासून काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

"पहिला हक्क तुमचा होता," धुरपताबाई म्हणाली. "मी रविंद्राला म्हणलं बी, इहीणबाईचं बघ आधी. तर म्हणे त्या नको म्हणून राहिल्या."

"आता काय त्याचं."

"मला तर भेवच वाटून राहिलं. इमान कसं, तिथलं बोलणं कसं. परवा हैदराबादला बोलावलं, बोटं घ्यायला. तुमी नांदेडला दिली होती न्हवं? काय करावं लागतं वो?"

ग्लिसरीनची बाटली खिडकीत होती. उन्हात ती चमकत होती. चांगुणाबाई उठली, चहाचं आधण ठेवायला म्हणून गेली, आणि जाताना बाटली उचलून माठामागे ठेवली.

"काय न्हाई. काचेवर बोटं ठेवायची," आतून ती म्हणाली.

"बस?"

"बस."

"मंग बरं हाये. मी उगंच जीव टांगला." धुरपताबाईने चहा बशीत ओतला. "काय धाडायचं करुणासाठी? लाडू, लेकराची दुपटी? मी नेते."

"तिथं समदं मिळतं."

"आईच्या हातचं कुठं मिळते बाई?"

मेथीचे लाडू डब्यात तयार होते. विहीण गेल्यावर तिने त्यातला एक किशनरावांना दिला.

"धाडले न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"विसरले."

हैदराबादला धुरपताबाईची बोटं उमटली नाहीत. पुन्हा यायला सांगितलं. ती नात्यातल्या एका घरी आठवडाभर राहिली. भाषा कळेना, जेवण उतरेना, दिवसभर तळहाताला खोबरेल चोळत बसायची. विमानाचं तिकीट काढलेलं नव्हतं हे नशीब. कुरुंद्याला हे कळलं ते करुणाच्या फोनवरून. सासूला ती आत्या म्हणायची.

"आई, पासपोर्टच्या वेळी तुझंबी असंच झालं होतं ना? आत्याला सांगितलं न्हाईस?"

"तिनं विचारलं न्हाई."

चांगुणाबाईने ओसरीवर वाळत घातलेला पापड उलटा केला, मग पुन्हा सुलटा केला.

दुसऱ्या खेपेला बोटं उमटली. मे महिन्यात धुरपताबाई गेली. जूनमध्ये मुलगा झाला.

फोनवर रोज चित्र दिसायचं. धुरपताबाई पाय लांब करून बसलेली, पायांवर लेकरू, तेल, हळूहळू फिरणारा हात. शेजारी सुजाता. पहिले काही दिवस चांगुणाबाईने निरखून पाहिलं. लेकरू पाहून झालं की तिची नजर त्या हातांवर जायची. हळद कधीच धुऊन गेली होती. बोटं भरली होती. सुजाता त्या बोटांना धरून उभी राहायची.

"मान धरा म्हणावं तिला," चांगुणाबाई म्हणायची. "तेल लई घेऊन राहिली. अन् जूनमधी टोपी कशापायी घातली तिनं?"

"थंडी वाजते त्याईला," करुणा हसायची. "बोल ना आत्याशी."

"आवाज येईना तुझा. ठेवते."

आवाज चांगला येत होता. किशनराव शेजारी बसून सगळं ऐकत होते.

त्या पावसाळ्यात चांगुणाबाई वस्तीत फारशी कुठे गेली नाही. गेली की बाया विचारायच्या, तुमचं काय झालं मास्तरीणबाई, आलं का पत्र? नानीबाईने तर एकदा तिचा हात धरून सगळ्यांना दाखवला. "बघा गं, नव्या नवरीचा हात! हंगाम गेला तरी बाईनं बोटं अजून कुणाला दिली न्हाईत." सगळ्या हसल्या. चांगुणाबाईने हात सोडवून घेतला.

सप्टेंबरमध्ये तिकडच्या सरकारने जुने अर्ज काढायला घेतले आणि चांगुणाबाईचं पत्र आलं. नवा अर्ज न भरता, जुन्याच तारखेचं. तिने ते किशनरावांकडून दोनदा वाचून घेतलं.

"बघा. सोडला न्हाई तर मिळाला का न्हाई नंबर?"

"मिळाला," किशनराव म्हणाले.

हैदराबादला तिची बोटं पहिल्याच खेपेला उमटली. यंत्रावरची मुलगी हिंदीत म्हणाली, "अम्मा, कितने साफ आए हैं।" पडद्यावर रेषा रेषा मोकळी दिसत होती. चांगुणाबाई त्या रेषांकडे बघत राहिली. मग शेजारच्या बाकाकडे तिची नजर गेली. एक म्हातारी तिथे एकटीच बसून आपले तळहात लुगड्याला घासत होती. मुलीने दोनदा सांगितल्यावर चांगुणाबाई खुर्चीवरून उठली.

धुरपताबाई ऑक्टोबरच्या शेवटी परत आली. चांगुणाबाई भेटायला गेली नाही. गुडघे दुखतात असं कळवलं. धुरपताबाईने उलट निरोप धाडला, जाड मोजे दोन जोड न्या, तिथली फरशी लई गार असते.

नोव्हेंबरात चांगुणाबाई तिकडे पोचली. रविंद्रने बॅगा उचलल्या, करुणा तान्ह्याला घेऊन दारात उभी होती आणि तिच्या मागून अडीच वर्षांची सुजाता डोकावत होती. चांगुणाबाईने वाटभर मनाची तयारी केली होती. लेकराने आपल्याला कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. सहा महिने दुसरीच्या मांडीवर वाढलंय. ओळखणार नाही, रडेल, त्या आजीला हाका मारेल. ते ऐकून घ्यायचं.

सुजाता दोन पावलं पुढे आली. तिने चांगुणाबाईकडे बोट केलं आणि आईकडे वळून मोठ्याने सांगितलं,

"पहिली आजी आली!"

"काय म्हणली ती?" चांगुणाबाईने विचारलं.

"पहिली आजी." करुणा हसत होती. "आत्यानं शिकवलं. रोज तुझा फोटो दाखवायच्या. ही पहिली आजी, मी दुसरी. पहिली मागून येऊन राहिली, म्हणायच्या. लेकराला आंघोळ घालतानाबी तेच. मी म्हणायची, आत्या, आजीला कुठं नंबर असतो का? तर म्हणायच्या, असते बाई."

चांगुणाबाई बूट काढायला खाली वाकली. जाड मोजे, त्यावर नवे बूट, सवय नव्हती. नाडी सुटायला बराच वेळ लागला. सुजाता जवळ येऊन बसली आणि तीही नाडी ओढू लागली.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. करुणा आणि रविंद्रचा तिथल्या नागरिकत्वाचा अर्जही असाच तुंबलेला होता, तो दुसऱ्या वर्षी निघाला. दोघांनी घरात कम्प्युटरसमोर उभं राहून शपथ घेतली आणि दुपारी कामावर गेले. सुजाता शाळेत जाते. मराठी समजतं, बोलते थोडं. तान्हा आता पळतो. किशनरावांनी अर्ज कधी केलाच नाही. हळद कुणी बघायची, असं म्हणतात आणि फोनवर नातवाला पाढे शिकवतात. नानीबाई गेल्या साली वारली.

चांगुणाबाई त्या खेपेला सहा महिने तिकडे राहून २०२३ च्या मे महिन्यात परतली. रेल्वेने परभणीला उतरून गाडी केली. किशनराव घ्यायला आले होते. वाटेत हट्टा आलं तेव्हा तिने गाडी थांबवायला लावली. हळदीचा हंगाम सरत आला होता. धुरपताबाई अंगणात वाळलेल्या हळकुंडांच्या राशीशी बसली होती. तिचे हात पुन्हा पहिल्यासारखे झाले होते.

चांगुणाबाई राशीशेजारी खालीच बसली. पिशवीतून तिने ग्लिसरीनची बाटली काढली आणि तिच्यापुढे ठेवली. बाटली जुनीच होती, कुरुंद्याची. तिकडे जाताना सोबत नेली होती, तशीच परत आणली होती.

"हे काय वो?"

"बोटाला लावायचं. झोपताना."

धुरपताबाईने बाटली उन्हात धरली, हलवून पाहिली. निम्मी भरली होती. तिने एकदा चांगुणाबाईकडे पाहिलं.

"आता मला कुठं बोटं द्यायची हायेत, इहीणबाई?"

"तरीबी लावा," चांगुणाबाई म्हणाली, आणि राशीतली हळकुंडं निवडायला लागली.