खरवडलेले नाव

मित्रांनो, मी एक जुने चांदीचे नाणे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नुमिदिया नावाच्या राज्यात माझा जन्म झाला. तापलेल्या चकतीवर घणाचा घाव बसला आणि एका बाजूला दाढीवाला राजा उमटला, दुसऱ्या बाजूला देऊळ. देवळाच्या कडेने राजाचे नाव कोरलेले होते. नाण्याला स्वतःची अक्षरे वाचता येत नाहीत, ती दुसऱ्यानेच वाचायची असतात. बाजारात मला सगळ्यांनी तराजूत टाकले, दाताखाली धरून पाहिले. मोठ्याने वाचले मात्र कोणीच नाही!

पुढे राज्य बुडाले. शेकडो वर्षे मी अंजिराच्या बागेत मातीखाली पडून राहिले. नांगराच्या फाळाने वर काढले तेव्हा सोनाराने मला कडी जोडली आणि मी त्याच गावातल्या जेजिगाच्या आईच्या दागिन्यात गेले. आईमागे जेजिगाने मला जपले.

एकदा तिने माझा फोटो शहरातल्या संग्रहालयात पाठवला. तो अंधुक होता, म्हणून तिथल्या तानिनाबाई स्वतःच यायला निघाल्या. त्यांना ती जुनी लिपी येत होती. मी हरखून गेले. दोन हजार वर्षांनी मला माझे नाव कळणार होते!

त्या सकाळी जेजिगा भाकरी भाजत होती. तिचा धाकटा भाऊ मेझियान मला घेऊन अंगणात बसला. "पाहुण्यांसमोर असं काळंकुट्ट कशाला ठेवायचं?" असे पुटपुटत त्याने मला ॲसिडात बुडवले आणि तारेच्या ब्रशाने खसाखसा घासले. मला ओरडता आले असते तर!

तानिनाबाई आल्या, त्यांनी भिंग लावले आणि मला उलटसुलट करून पाहिले.

"वाचा ना, बाई," जेजिगा म्हणाली.

"काय वाचू? अक्षरंच राहिली नाहीत."

"पण चकाकतंय बघा कसं!" मेझियान म्हणाला.

"तुझं डोकं घासायचं होतंस, मेल्या!" जेजिगाचा आवाज चिरकला. मग तिने पिठाची परात पुढे ओढली. "थांबा. चाळीस वर्षं बोट फिरवलंय मी त्या अक्षरांवर."

पिठात तिने काही वळणे काढली. मग बोट अडले. "आधीचं आठवत नाही हो."

बाई वाकल्या. "हे 'राजा' आहे. नाव त्याच्या आधी होतं."

मेझियान खाली मान घालून बसला.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. आता सगळे मला 'राजाचे नाणे' म्हणतात. कोणत्या राजाचे, ते मलाही ठाऊक नाही.