एडिनबराच्या गाडीत धरलेली जागा

मी म्हातारा तांब्या आहे, मित्रांनो. पितळेचा, पोटाशी फुगीर. वर धरायला कडी आणि तोंडावर फिरवून घट्ट बसवायचं झाकण. अशा तांब्याला फिरकीचा तांब्या म्हणतात. सध्या मी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावी, एका घराच्या तळघरात असतो. माझ्या पोटात गंजलेले स्क्रू आणि संपलेले सेल आहेत. पाणी शेवटचं कुठे भरलं गेलं ते मला पक्कं आठवतं.

नाशिकच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली. पद्मिनीबाई लग्न होऊन अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांनी मला साडीत गुंडाळून बरोबर घेतलं. सुरुवातीची वर्षं माझी होती. नायगाराला जायचं असो की वॉशिंग्टनला, गाडीत पहिला मी. विद्यापीठात शिकायला आलेली मराठी मुलं ओठ न लावता वरून पाणी पीत आणि म्हणत, "काकू, तुमच्या तांब्यातलं पाणीच वेगळं!" पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी मागे पडलो. पद्मिनीबाईंची मुलगी नीला तर म्हणे, "आई, माझ्या फ्रेंड्ससमोर तो काढू नकोस, प्लीज."

नीला कॉम्प्युटर शिकत होती, पण तिचा जीव जुन्या दगडी इमारतींत. १९८४ साली ती एका सत्रासाठी लंडनला गेली आणि तिथून तिने फोनवर जाहीर केलं, की तिला एडिनबराला राहून जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकायची आहे. तिथले एक प्राध्यापक शनिवारी दुपारी तिला भेटणार होते. ते दुसऱ्या दिवशी परदेशी जायचे होते. त्यांना ती पसंत पडली तरच प्रवेश.

"दगड फोडायला का हिला अमेरिकेत वाढवली?" तिचे वडील दिगंबरराव गरजले. समजूत घालायला पद्मिनीबाई विमानाने लंडनला आल्या. बॅगेत मी होतो.

नीलाला त्या शनिवार-रविवारच्या प्रवासाला एकटं जायचं होतं.

"मी पण येते," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"तुला कुणी बोलावलंय?"

"आईला बोलवावं लागत नाही."

स्टेशनवर पोचेपर्यंत दोघी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. साडीवर जाड जाकीट, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात मी, असा पद्मिनीबाईंचा थाट होता. नीला चार पावलं पुढे चालत होती.

"आई, ट्रेनमध्ये पाणी मिळतं."

"बाहेरचं पाणी मी पीत नाही."

"लंडनचा नळ बाहेरचा नाही वाटतं?"

नीला कॉफीच्या रांगेत उभी राहिली. पद्मिनीबाई डब्यात चढल्या. खिडकीजवळच्या दोन सीटा रिकाम्या होत्या. मग त्यांनी तेच केलं जे आपल्याकडे रुमाल टाकून सगळे करतात. एका सीटवर मला ठेवलं, जागा धरली आणि नीलाला हाक मारायला खाली उतरल्या.

मित्रांनो, त्या काळात त्या देशात स्टेशनांवर बॉम्ब ठेवले जात. बेवारस पिशवी दिसली तरी लोक धास्तावत. मी तर झाकण आवळलेलं धातूचं जड भांडं. समोरच्या गृहस्थाने माझ्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि गार्डला गाठलं. काही क्षणांत डबा रिकामा झाला. ज्या मला बघून लोक आनंदाने ओंजळ पुढे करत, त्या मला बघून लोक पळाले.

पोलीस आला. फलाटावर जमलेल्यांना त्याने विचारलं, "पितळेचं भांडं कुणाचं आहे?"

नीलाने आईचं मनगट करकचून धरलं. "एक शब्द बोलू नकोस. आपण दुसऱ्या डब्यात बसू."

"अगं, आपला तांब्या आहे तो!"

पोलिसाची नजर साडीवर थांबली. "तुमचं आहे का?"

"नो," नीला म्हणाली. "नॉट अवर्स."

"येस, माइन," पद्मिनीबाई म्हणाल्या. "ओन्ली वॉटर."

एक नाही म्हणते, दुसरी हो म्हणते. एवढं संशयाला पुरेसं होतं. दोघींना एका खोलीत नेलं. पासपोर्ट तपासले, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले. भांडं कुणी दिलं? मुलगी खोटं का बोलली? शेवटी मला टेबलावर आणलं. थंडीने फिरकी जाम झाली होती. पद्मिनीबाईंनी पदराने धरून ती सोडवली.

"प्या," पोलीस म्हणाला.

त्यांनी मान वर करून धार तोंडात सोडली. धार हुकली, जाकीट भिजलं. कुणी ओशाळलं नाही, कुणी हसलंही नाही.

"आधीच खरं बोलला असतात, तर त्याच गाडीने गेला असतात," पोलीस म्हणाला. गाडी केव्हाच सुटली होती.

आम्ही एडिनबराला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. प्राध्यापकांच्या विभागाचं दार बंद. दरवान म्हणाला, "सर बराच वेळ थांबले होते. आता गेले."

नीला दारापुढच्या दगडी पायरीवर बसली. वरच्या कड्यावर किल्ला उभा होता. त्याच्याकडे तिने मान वळवून पाहिलंही नाही.

"तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली. "बाबांनी तुला त्याचसाठी पाठवलं."

"तू इथे राहू नयेस, असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू? पण जागा मी दोघींसाठी धरली होती."

"कुणी सांगितलं होतं धरायला?"

"आणि तुला कुणी सांगितलं होतं मला नाकारायला?"

"मी भांड्याला नाही म्हटलं!"

"तो माझ्या हातात होता सकाळपासून. सगळ्यांनी पाहिलं होतं."

नीलाने मला उचललं, उरलेलं पाणी पायरीवर ओतलं आणि मला आईच्या मांडीवर आदळलं. माझ्या बुडाला पडलेला पोचा तेव्हाचा.

प्राध्यापकांनी त्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. नीला परत आली, कॉम्प्युटरच शिकली, आता व्हर्जिनियात नोकरी करते. फोन करते तो वडिलांना. पद्मिनीबाई जवळच भाजी चिरत बसतात आणि विचारतात, "काय म्हणते?" दिगंबरराव सांगतात, "बरी आहे." मला पद्मिनीबाईंनी स्वतःच्या हाताने तळघरात आणून ठेवलं.

मित्रांनो, मला चिंच लावून घासा, अशी माझी विनवणी नाही. पितळ कधीही घासता येतं. विनवणी वेगळी आहे. जो प्रवासाला निघाला आहे, त्याच्यासाठी काही करण्याआधी त्याला विचारा, हवं आहे का. आणि जे आपलं आहे ते चारचौघांत कुणी दरडावून विचारलं, तरी आपलं म्हणा. त्या दोघींपैकी एकीने जरी एवढं पाळलं असतं, तरी नीला वेळेवर त्या प्राध्यापकांसमोर बसली असती. त्यांनी तिला घेतलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. पण नकारच मिळायचा असता, तर तो तिला माणसाच्या तोंडून मिळाला असता, बंद दाराकडून नव्हे.