खंदकातला स्वार

शिवणखोलीत तेव्हा रेडिओ नव्हता, पुस्तक होतं. खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसून वाचणारीनं सुई धरायची नाही, तिच्या वाट्याचं काम बाकीच्यांनी उरकायचं, असा बायकांचा आपसातला नियम. ते स्टूल थोरल्या वहिनींचं. मध्ययुगातल्या एका स्वाराच्या पराक्रमाचे पाच भाग त्यांनी तिथंच वाचून दाखवले होते. तो स्वार आणि त्याची एका कानाची घोडी सगळ्यांना घरच्यासारखी झाली होती. "असल्या भटक्याला मी मुलगी दिली नसती," असं इस्त्रीवाली मावशी म्हणायची, आणि तो जखमी झाला की डोळे पुसायची तीच.

सहाव्या भागात किल्ल्याला वेढा पडला. निरोप घेऊन स्वार खंदकाच्या काठाशी आला, आणि नेमक्या तेव्हाच वहिनी डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या.

"आता बसतोय तो काठावर कुडकुडत," मावशी म्हणाली.

वहिनींची धाकटी जाऊ कोपऱ्यात काजं करत होती. तिची शाळा लहानपणीच सुटलेली. पण जेवणाच्या सुट्टीत ती ते पुस्तक हळूच उघडून बघायची.

"मी वाचू?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"तू? अगं, तुझं पान संपेस्तोवर शत्रू म्हातारा होईल!" बटणवाली म्हणाली. खोली हसली.

धाकटीचे कान तापले. आता माघार घेतली तर जन्मभर कोपराच, हे तिला कळत होतं. ती स्टुलावर चढली.

बोट ठेवून ती वाचू लागली. जोडाक्षर आलं की थांबायची, ते सोडवायची, मग पुढं. स्वारानं एक पाय पाण्यात टाकला. थांबली. पाणी छातीला लागलं. थांबली. तटावर पहारेकऱ्यानं मशाल...

"काय केलं मशालीचं?" मावशीची इस्त्री हवेतच.

"थांबा की, अक्षर लावतेय मी."

"वाच गं बाई, जीव टांगणीला लागलाय!"

दुपार कलली तरी स्वार खंदकातच होता. सगळ्यांचे हात मांडीवर पडून.

"वहिनींचा सर्रकन पोहून गेला असता," बटणवाली हळूच म्हणाली. "हा खरंच गारठलाय."

वहिनी परतल्या तेव्हा वेढा उठला होता. त्यांना बघून धाकटी उतरू लागली. वहिनींनी खांदा दाबून तिला परत बसवलं, आणि नवा चष्मा सावरत त्या तिच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. तिचा अर्धवट सदरा मांडीवर घेतला.

"जाऊबाई, अहो, स्टूल तुमचं..."

"भेटायला आलेली प्रत्येक बाई मला तो खंदकच सांगत होती," सुईत दोरा ओवत वहिनी म्हणाल्या. "मला नको ऐकायला? तिथपासून वाच."

धाकटीनं पानं मागं उलटली. पाठ ताठ केली, बोट ठेवलं आणि अजिबात घाई न करता स्वाराला पुन्हा पाण्यात उतरवलं.