गुंडूमामांचे दोन थेंब

"पेटलाय बघ अजून."

इंजिन गुरगुरत होतं, पण बॅटरी भरत नसल्याचा समोरचा तांबडा दिवा विझायला तयार नव्हता. बॅटरी अठरा दिवसांपूर्वीची. लालासाब मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं बसवलेली, कोरी.

"नवी म्हणून जुनीच न्हाय न्हवं घातलीस?" ड्रायव्हर गुंडूमामा स्टिअरिंगवरून म्हणाले.

"व्हय, तुमच्या लग्नातली घातलीया. बंद करा ते इंजिन."

मामा उतरले. बॉनेट उघडलं, सीटखालची लांब चोचीची तेलाची डबी काढली आणि चोच बॅटरी भरणाऱ्या डायनामोच्या मागच्या छिद्रावर टेकवली.

टक्. टक्.

"दोन थेंब. तू तुजी बॅटरी बघ. माझ्याकडनं तेलाची हयगय न्हाय."

गाडीच्या मालकीण डॉक्टर पद्मजाबाई लालासाबला चिंचेखाली घेऊन गेल्या. हातात बॅग होती, आवाज खाली.

"सोमवारी कोडोलीच्या अलीकडं गाडी बंद पडली. बाळंतपण अडलेलं. उसाच्या बैलगाडीवर बसून गेले मी."

"मग?"

"दोघंही वाचली. पण पुन्हा असं नको. दोष गाडीत असेल तर दुरुस्त करा. मामांच्यात असेल तर तेही सांगा. मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

आणि त्या चालतच दवाखान्याकडं गेल्या.

दोष मामांच्यात?

एकोणीस वर्षांचे असताना संस्थानच्या गॅरेजात लागले. पहिल्याच शिकारीला डायनामो कोरडा पडून चिकटला, मोठ्या मिस्त्रीनं सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. त्या दिवसापासून तेल चुकलं नाही. संस्थान विलीन झालं, गॅरेज मोडलं, बाईंची ही काळी गाडी आली. चिमणाबाई, त्यांची बायको, अजून म्हणते, माझ्या डोस्क्याला कवा एवढं तेल लावलं न्हाय या माणसानं.

दोष मामांच्यात.

लालासाबनं आधी बॅटरी घेतली. काचनळीनं तिच्या एकेका घरातल्या आम्लपाण्याचा कस तपासला. सगळी घरं सारखीच उतरलेली. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती, ती भरली जात नव्हती. डायनामो फिरवणारा पट्टा अंगठ्यानं दाबला. ताठ. वायरी ओढून पाहिल्या. घट्ट. मग डायनामोला बल्ब जोडून इंजिन पळवलं. बल्ब मिणमिणला, काजव्यासारखा.

"च्या पिऊ या," मामा म्हणाले.

कपबशीतून चहा पिताना मामांनी बैलगाडीची गोष्ट सांगितली. बाई कशा उसावर बसल्या, हे कसे बैलाच्या पुढं पळाले. हसता हसता ते थांबले, मिशी पुसली, उठले.

"आरं, आज तेल घालायचं राह्यलंच की!"

टक्. टक्.

लालासाबची बशी ओठापाशीच राहिली.

त्यानं ती खाली ठेवली. डायनामोची मागची पट्टी सोडवली. आतून काळं तेल त्याच्या मनगटावर ओघळलं. कार्बनचे ब्रश तेलात भिजून गेले होते, त्यांना धड टेकायला कोरडं तांबं कुठं राहिलं नव्हतं, म्हणून वीज बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. मामा तेल घालायला विसरत नव्हते. घातलेलं विसरत होते.

"काय गावलं रं?"

"ब्रश गेल्यात, मामा."

"म्हंजे तुजी बॅटरी चांगलीच हाय. उगं बोललो तुला."

पेट्रोल. फडकं. काचपेपर. नवे ब्रश. आणि शेवटी, मामा टायर बघत असताना, लालासाबनं दांडा फिरतो त्या बुशाला हवं तेवढं तेल दिलं आणि तेलाच्या छिद्रात शिशाची बारीक गुंडी ठोकून बसवली.

तिसऱ्या प्रहरी बाई आल्या. इंजिन चालू झालं, दिवा विझला.

"दोष कशात होता?"

लालासाब हात पुसत राहिला. "बाई, मामा रस्ता चुकत्यात का कवा? ब्रेक, गियर?"

"कधीच नाही."

"मग दोष गाडीत हुता. तेल जास्त झालं. वाट बुजवलीया मी. महिन्यातनं एकदा गाडी माझ्याकडं धाडा, तेलाचं मी बघतो."

बाईंनी मामांकडं पाहिलं. मामा फडक्यानं दिव्यांच्या काचा पुसत होते. पुसलेली काच पुन्हा पुसत होते. बाई पाहतच राहिल्या, डॉक्टर पाहते तशा.

"गाडी महिन्याला तुमच्याकडं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मामा आठवड्याला माझ्याकडं. नाडी बघायला म्हणून. दुसऱ्या ड्रायव्हरचं तूर्त राहू दे."

"बाई, बसा!" मामांनी मागचं दार उघडून धरलं. मग एकदम कपाळावर हात मारला. "थांबा, एक मिनिट. लालासाब, तुज्या गडबडीत तेल ऱ्हायलं बघ."

बॉनेट वर झालं.

टक्. टक्.

दोन्ही थेंब शिशावर पडले, क्षणभर चमकले आणि ओघळले. लालासाबनं फडकं पुढं केलं, खालच्या खाली टिपून घेतले.

"बरोबर दोन," मामा म्हणाले.

"बरोबर दोन, मामा."